हिंदू कॉलनीच्या आधी तिथे "जंगल" होतं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून जरा लांब लिहितोय. तुम्ही म्हणताय की आजोबा १९३४ मधे गिरगावातली चाळ सोडून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राहायला आले, बिल्डिंगला नव्वद वर्षं झाली म्हणून तुम्ही सगळे मिळून एक स्मरणिका काढताय, आणि त्यात पहिला लेख "आपल्या कॉलनीचा जन्म" असा हवाय. घरातले सगळे म्हणतात की तेव्हा इथे जंगल होतं, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे, मग इंग्रजांनी कॉलनी बांधली. आणि दादर म्हणजे जिना, म्हणजे पूल, म्हणून स्टेशनच्या पुलावरून दादर हे नाव पडलं. यातलं खरं किती आणि ते शोधायचं कुठे, हा तुमचा प्रश्न.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षं मुंबई शहरातल्या जागांचे टायटल सर्च करतोय, म्हणजे जागा मूळ कुणाची, पुढे कुणाकडे गेली, कुठल्या कागदानं गेली हे काढून वकिलांना द्यायचं. त्यामुळे मी सांगेन ते सगळं जमिनीच्या बाजूनं असेल. पण वस्तीचा इतिहास काढायला हीच बाजू सगळ्यात भरवशाची आहे असं माझं मत आहे, कारण माणसं विसरतात, इमारती पाडल्या जातात, पण जमिनीचा कागद कुणाला तरी पैसे द्यायचे घ्यायचे असतात म्हणून जपला जातो.

आधी ते जंगल. माझ्या अनुभवात मुंबईत जिथे जिथे लोक "इथे आधी काहीच नव्हतं" म्हणतात तिथे काहीतरी होतंच, आणि बहुतेक वेळा कुणीतरी होतं. कोल्हे ओरडायचे हे मी अजिबात खोटं म्हणणार नाही, कोल्हा शेताच्या बांधावरही फिरतो आणि खाजणातही, आणि वडाळ्याकडे खाजण होतंच. पण जंगल नव्हतं. परळच्या उत्तरेला दादर, नायगाव, माटुंगा, शीव हा सगळा पट्टा म्हणजे मुख्यतः भातशेती, मधे मधे नारळाच्या वाड्या, विहिरी, देवळं, आणि आगरी, भंडारी, कोळी, कुणबी लोकांची छोटी छोटी गावं. पश्चिमेला माहीमच्या बाजूनं तर नारळी इतकी दाट की इंग्रज त्याला माहीमचं वन म्हणायचे, आणि "जंगल" हा शब्द बहुतेक तिकडून लोकांच्या तोंडात बसला असावा असा माझा अंदाज आहे.

शेती होती हे मी कशावरून सांगतो? जुन्या इंग्रजी दस्तात जमिनीच्या वर्णनात एक शब्द सारखा येतो, "बॅटी ग्राऊंड". नवीन असताना मी तो बघून दोन दिवस डोकं खाजवलं, मग एका म्हाताऱ्या कारकुनानं सांगितलं की अरे मोठ्यानं म्हण, भात, भाताची जमीन. आपलाच शब्द साहेबाच्या तोंडून फिरून परत आलेला. दुसरा शब्द "ओअर्ट", हा पोर्तुगीजांच्या बागेच्या शब्दावरून, म्हणजे नारळाची वाडी. आणि तिसरी खूण म्हणजे धाऱ्याचा प्रकार. मुंबईत जमीन धरायचे जुने प्रकार बरेच, त्यातला एक "टोका", म्हणजे मुळात पिकातला सरकारचा वाटा, जो पुढे रोख रकमेत बदलला. कागदावर टोका दिसला की समजायचं इथे नांगर चालत होता, कारण पीकच नसेल तर वाटा कशातला घेणार. दुसरा प्रकार "फोरास", हाही पोर्तुगीज शब्द, अर्थ बाहेरचं. समुद्राचं पाणी बांध घालून अडवल्यावर ज्या सखल जमिनी वर आल्या त्या लागवडीखाली याव्यात म्हणून अगदी थोड्या भाड्यानं दिल्या, आणि त्यांच्या हक्कांबद्दल १८५१ मधे स्वतंत्र कायदा करावा लागला. फोरास रोड हे नाव ऐकलं असेलच, ते यातूनच.

तेव्हा तुमच्या लेखाची सुरुवात १९३४ पासून करू नका. इमारत उभी राहिली तेव्हा वस्तीचा जन्म झाला असं आपण धरून चालतो, पण तुमच्या कॉलनीच्या बाबतीत खरा वळणाचा क्षण त्याच्या पस्तीसेक वर्षं आधी आहे, आणि त्याचं कारण आहे प्लेग.

१८९६ च्या सप्टेंबरमधे मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. नंतरच्या काही महिन्यात माणसं पटापट मेली आणि लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले, गिरण्यांना कामगार मिळेनात, व्यापार बसला. सरकारनं निष्कर्ष काढला की दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, हवा नाही, म्हणून रोग. (उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे सगळ्यांना पटायला अजून काही वर्षं जायची होती.) त्यातून १८९८ मधे कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपण आजही "बीआयटी चाळ" म्हणतो ना, त्यातला बीआयटी तो हाच.

ट्रस्टनं दोन कामं एकदम हातात घेतली. एक म्हणजे जुन्या शहरात गल्ल्या फोडून मोठे रस्ते काढायचे, जेणेकरून समुद्राचा वारा आत येईल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच. पण रस्ता काढायचा म्हणजे घरं पाडायची, मग ती माणसं जाणार कुठे, आणि मुळात एवढी गर्दी एका टोकाला का कोंबलीय? म्हणून दुसरं काम, बेटाच्या उत्तरेला रिकाम्या, म्हणजे त्यांच्या भाषेत रिकाम्या, जमिनीवर आखीव उपनगर वसवायचं. ट्रस्टच्या स्कीमना नंबर असायचे. त्यातली ५ नंबरची दादर-माटुंगा आणि ६ नंबरची शीव-माटुंगा. तुमची कॉलनी ५ नंबरच्या पोटातली. जुन्या लीजवर (म्हणजे भाडेपट्ट्यावर) "हिंदू कॉलनी" शोधत बसू नका, तिथे "दादर माटुंगा इस्टेट, प्लॉट नंबर अमुक" असं मिळेल.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. ही जमीन सरकारकडे आपोआप आली नाही, १८९४ च्या भूसंपादन कायद्यासारख्या अधिकारानं ती सक्तीनं घेतली गेली. शेत कसणारे, वाडीवाले, छोटे मोठे जमीनदार यांना मोबदला मिळाला, काहीजण भाव कमी मिळाला म्हणून लढले, आणि त्या दाव्यांच्या कागदात त्या भागाचं जे चित्र आहे ते दुसरीकडे कुठेही मिळत नाही. कुणाच्या शेतात किती झाडं, विहीर कुठे, घर कौलारू की झावळ्यांचं. मालकाला मोबदला मिळाला पण कुळाला काय मिळालं हे मात्र त्या कागदातून फार वेळा समजत नाही.

काही वर्षांपूर्वी मी नायगावच्या बाजूला एका कामासाठी गेलो होतो. तिथल्या एका आजींनी माझ्या हातातला नकाशा बघितला आणि विचारलं, "यात आमचं शेत दिसतं का हो?" त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांची भातजमीन स्कीममधे गेली होती. मी त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं, एक लांबट तुकडा, त्याच्या कडेला विहिरीचा छोटा गोल. त्यावरून आता एक सरळ रस्ता गेलेला होता. त्या बराच वेळ त्या गोलावर बोट ठेवून बसल्या, मग म्हणाल्या, "विहीर पाण्याला गोड होती म्हणायचे." तुमच्या स्मरणिकेत "जंगल होतं" छापलंत तर अशी माणसं त्यातून पुसली जातात. म्हणून हा मुद्दा एवढा ताणतोय.

पुढचा प्रश्न, १९०० च्या सुमारास आखलेली कॉलनी भरायला १९३० का उजाडलं? तर सखल भातजमीन, पावसाळ्यात पाणी तुंबणार, म्हणून भराव, गटारं, रस्ते यात वर्षं गेली. भावाचे दावे चालू होते. मग १९१४ ला महायुद्ध. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांना यायचंच नव्हतं! गिरगावात ज्याचं ऑफिस फोर्टात चालत जाण्याइतकं जवळ, देऊळ जवळ, नातलग एकाच वाडीत, तो माणूस दादरच्या पलीकडे चिखलात कशाला जाईल.

युद्धानंतर चित्र पालटलं. शहरात भाडी इतकी वाढली की १९१८ मधे भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. जागा मिळेना. आणि ये-जा सोपी झाली. विजेची ट्राम मुंबईत १९०७ पासून होती, तिचं जाळं दादरपर्यंत आलं. तुम्ही आजही रिक्षावाल्याला, सॉरी, दादरला रिक्षा नाही, टॅक्सीवाल्याला "दादर टीटी" सांगता ना? तो टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर धावली आणि बंद झाली, पण सर्कलचं नाव लोकांनी सोडलं नाही. पाटीवर खोदादाद सर्कल आहे, तोंडात टीटी आहे. रेल्वेवर १९२५ पासून विजेच्या गाड्या सुरू झाल्या, ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला हार्बरवरून पहिली, मग पश्चिमेला १९२८ मधे. दादरला दोन्ही रेल्वेची स्टेशनं शेजारी शेजारी. कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर यांना दादरहून फोर्टात वेळेवर पोचता येऊ लागलं आणि मग प्लॉट भराभर उचलले गेले.

आणि आले ते चाळीत नाही, "ब्लॉक"मधे. हा शब्द तुमच्या आजोबांच्या तोंडी नक्की असणार. फ्लॅट हा शब्द नंतरचा. ब्लॉक म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर, मोरी आणि संडास घराच्या आत. गिरगावच्या चाळीत बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला हे केवढं वाटलं असेल विचार करा. काही घरातल्या मोठ्या माणसांना घरात संडास ही कल्पनाच सुरुवातीला पटत नव्हती, हेही मी दोन तीन कुटुंबांकडून ऐकलंय. तुमच्या बिल्डिंगमधे नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर हा प्रश्न आवर्जून विचारा, लेखाला जीव येईल.

आता एक गैरसमज. इंग्रजांनी कॉलनी "बांधली" नाही. ट्रस्टनं रस्ते, गटारं, मोकळ्या जागा आखल्या आणि प्लॉट विकले नाहीत, लांब मुदतीच्या लीजवर दिले. इमारत बांधली ती लीज घेणाऱ्या खाजगी माणसानं, स्वतःच्या पैशानं, आणि तिच्यातले ब्लॉक भाड्यानं दिले. पण लीजमधेच अटी होत्या, प्लॉटच्या किती भागावर बांधायचं, कडेनं किती जागा सोडायची, किती उंच जायचं. कॉलनीतल्या जुन्या इमारती एका उंचीच्या, एका रेषेत, दोन इमारतींमधे वारा जाईल एवढं अंतर, असं जे दिसतं ना, ते घरमालकांच्या चांगुलपणामुळे नाही, प्लेगच्या भीतीतून आलेल्या त्या अटींमुळे आहे. प्लेग संपला, अटी राहिल्या, आणि त्याचं सुख तीन पिढ्यांनी घेतलं. १९३३ मधे ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, म्हणून आज तुमच्या जमिनीची मालक महापालिका दिसेल.

म्हणजे आजोबा १९३४ मधे बहुधा भाडेकरू म्हणून आले. "बहुधा" म्हणतोय कारण हे तुमच्या बिल्डिंगवर अवलंबून आहे, काही ठिकाणी लीज घेणाराच वरच्या मजल्यावर राहायचा, काही ठिकाणी सहकारी सोसायटीनं प्लॉट घेतला. घरात जुनी भाडेपावती शोधा. मी पाहिलेल्या पावत्यांवर घरमालकाचं नाव, ब्लॉक नंबर, कधी कधी ट्रस्टचा प्लॉट नंबरही असतो. तो नंबर मिळाला की अर्धं काम झालं.

शेजाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. डॉ. आंबेडकर रोडच्या, म्हणजे जुन्या व्हिन्सेंट रोडच्या पलीकडे पारसी कॉलनी, ती उभी राहिली मंचेरजी एदलजी जोशी यांच्या खटपटीनं. ते ट्रस्टमधेच इंजिनीयर होते आणि मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून ठेवा म्हणून त्यांनी ट्रस्टला राजी केलं. फाइव्ह गार्डन्सला त्यांचंच नाव आहे. माटुंग्यात तमिळ आणि इतर दक्षिणी कुटुंबं स्थिरावली, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची. व्हीजेटीआय १९२३ मधे भायखळ्याहून माटुंग्याला आली, रुईया कॉलेज १९३७ चं. तुमच्या कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला "राजगृह" बांधलं, मुख्यतः पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून. आणि त्याच पट्ट्यात नायगावला बीडीडी चाळी, त्या ट्रस्टच्या नाहीत, १९२० मधे काढलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या. नायगावला अशा ४२ चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. तुमच्या आजोबांच्या ब्लॉकपासून चालत दहा पंधरा मिनिटांवर गिरणी कामगाराचं अख्खं कुटुंब एका खोलीत राहत होतं. दोन्ही वस्त्या एकाच काळात भरत होत्या, त्या शेजारी ठेवून लिहा, नाहीतर स्मरणिका फक्त कौतुकाची होते.

नावाचं. दादर म्हणजे जिना किंवा शिडी हे बरोबर, पण स्टेशनचा पूल किंवा टिळक पूल यावरून नाव पडलं हे शक्य नाही, कारण गावाचं नाव आधीचं आहे आणि स्टेशनला ते गावावरून मिळालं. दादरला पोर्तुगीज चर्च १५९६ चं आहे (सध्याची इमारत नवी, चार्ल्स कोरिया यांनी केलेली), म्हणजे रेल्वे यायच्या अडीचशे वर्षं आधी इथे चर्च भरेल एवढी वस्ती होती. मी नावाच्या व्युत्पत्तीवर लेखातलं एक वाक्य खर्च करेन, जास्त नाही.

आता शोधायचं कसं. पहिल्यांदा प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेचा सरकारी उतारा, काढा. फोर्टात ओल्ड कस्टम हाऊसला कलेक्टर ऑफिस आहे, सिटी सर्व्हेचं काम तिथून चालतं, कार्ड ऑनलाइनही मिळतं. त्यासाठी सी.एस. नंबर (सर्व्हेत तुमच्या जागेला दिलेला नंबर) आणि डिव्हिजन, म्हणजे सर्व्हेतला विभाग, लागेल, तुमच्याकडे ते "दादर-नायगाव" किंवा "माटुंगा" यातलं एक असेल, कॉलनीच्या कुठल्या भागात आहात त्यावर अवलंबून. सोसायटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या फायलीत हा नंबर सापडतो. कार्डावर किंवा जुन्या दस्ताच्या शेवटी जिथे जमिनीचं वर्णन असतं तिथे "लॉटन सर्व्हे नंबर" किंवा "कलेक्टरचा जुना नंबर" असं काही आहे का बघा. हे सोन्यासारखं आहे. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ मधे मुंबईचा सर्व्हे केला, म्हणजे ट्रस्टच्या पंचवीस तीस वर्षं आधी, तेव्हाच्या नकाशात शेतं, वाड्या, विहिरी वेगवेगळ्या दिसतात. तुमचा सी.एस. नंबर धरून मागे लॉटनच्या नंबरावर जायचं, की तुमच्या पार्किंगच्या खाली कुणाचं शेत होतं ते दिसतं.

दुसरं, महापालिकेच्या इस्टेट खात्यात मूळ लीज आणि त्याला जोडलेला नकाशा. तो बहुतेक वेळा कापडी कागदावर असतो, तुमचा प्लॉट लाल रेघेनं घेरलेला. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करा, एकट्यानं गेलात तर हेलपाटे जास्त पडतात. लीजवरची तारीख आणि बांधकाम पूर्ण झाल्याची तारीख यात अंतर असतं हे लक्षात ठेवा. एका बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीवर ठळक "१९३४" कोरलेलं होतं, सगळे तेच बांधल्याचं साल धरून होते, असेसमेंटचे, म्हणजे महापालिकेच्या घरपट्टीचे, उतारे काढल्यावर कळलं की तळमजला आणि पहिला मजला सहा वर्षं आधीच भाड्यानं गेलेले, ३४ साल दुसरा मजला चढवल्याचं. तुमचं नव्वदीचं साल छापायच्या आधी एवढं तपासून घ्या.

तिसरं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे ट्रस्टचे वार्षिक अहवाल आणि संपादनाचा पत्रव्यवहार मागा. हे शेवटी करा, कारण हातात स्कीम नंबर आणि प्लॉट नंबर नसताना गेलात तर दिवसभर फायली उलटत बसाल.

आणि या सगळ्याच्या आधी, म्हणजे या रविवारीच, बिल्डिंगमधल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे मोबाइल रेकॉर्डर लावून बसा. "जुनं काय आठवतं" असं मोघम विचारू नका. पावसात पाणी कुठपर्यंत यायचं, दूध कुठून यायचं, ट्रामचं तिकीट किती, खालच्या ब्लॉकमधे कोण राहायचं, असं विचारा. दूधवाला किंवा भाजीवाली जवळच्याच जुन्या गावातली होती असं कुणी म्हणालं तर ते नाव, ती वाडी नीट लिहून घ्या. तो धागा धरून स्कीमच्या आधीच्या माणसांपर्यंत जाता येतं.

कार्ड हातात आलं की त्यावरचे सी.एस., लॉटन आणि ट्रस्टचा प्लॉट असे जे नंबर असतील ते इथे टाका, कुणाचंही नाव टाकू नका, नुसते नंबर. नकाशाच्या कुठल्या शीटवर बघायचं ते मी सांगतो.